चाळीस दिवसांचं दूध

८ डिसेंबर २०२५, सोमवार

मोडलं नाही म्हणे, थांबवलंय! सकाळी सकाळी गफारचाचांचा फोन. कलीमचे मोठे चुलते. "मोडलं न्हाय बेटा, जरा थांबवलंय." थांबवायला ती काय एस.टी. आहे? पंचवीस जानेवारीला निकाह, हॉल ठरलाय, आणि हे थांबवतायत!

काल मंगनी झाली. कालच! जळकोटहून दोन जीप भरून पाहुणे आले. कलीमच्या अम्मीनं अंगठी घातली, साखर भरवली, सगळं गोडीत चाललं होतं. मग त्यांच्यातली एक म्हातारी पुढं आली. त्यांच्या गल्लीतली जुनी दाई. माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं. "अम्मीचं नाव काय गं तुझ्या?" मी म्हटलं, मिनाज. म्हातारीनं चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. "त्या टेलरची मिनाज? या अल्ला! हिच्या आईचं दूध कलीम प्यालाय की!"

कलीमच्या अम्मीच्या हातात साखरेची वाटी तशीच. नंतर जेवणं झाली, पण कुणी कुणाकडं बघेना.

एका बाईचं दूध दोघांच्या पोटात गेलं की ती दोघं भाऊ-बहीण. आमच्यात शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. एकदा प्यालं असलं तरी बस्स. निकाह होतच नाही.

पण माझी अम्मी आणि जळकोट? काय संबंध? अम्मी लातूरची. मी दोन वर्षांची असताना काविळीनं गेली. बास, एवढंच मला माहीत. पंचवीस वर्षांची घोडी झाले आणि आईबद्दल दोन वाक्यं!

९ डिसेंबर, मंगळवार

दादीला विचारलं. "दादी, अम्मी जळकोटला कधी होती?" दादी — सकिनाबी म्हटलं की आमचं अख्खं बेंबळी गाव दबकतं — तिनं तसबी काढली आणि मणी ओढत बसली. परत विचारलं. "मेलेल्या माणसाचं काढू नको." तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

मी एक नंबरची भित्री आहे. ही वही तरी का मराठीत लिहिते? घरात दखनी बोलतो, दादीला अक्षरओळख नाही, अब्बांना उर्दू तेवढं येतं. म्हणून मराठीत. चोर कुठली!

१० डिसेंबर, बुधवार

सेवा केंद्रात आज रांग होती. लोकांचे दाखले, लोकांचे अर्ज. प्रत्येक अर्जात आईचे संपूर्ण नाव. एका आजीच्या अर्जात मी तिच्या आईच्या जागी मिनाज टाइप केलं! श्रावस्तीनं बघितलं म्हणून बरं. केंद्र तिचंच आहे, मी नुसती हाताखाली. तिनं मला स्टुलावरून उठवलं, चहा हातात दिला. "युसरे, काय ते ओक आता."

ओकलं सगळं. ती म्हणाली, "आधी एक सांग. तुझ्या आईचा मृत्यूचा दाखला कुठाय?"

नाही. कधी बघितला नाही. दुसऱ्यांचे दाखले काढून देते रोज, आणि हे डोक्यात आलं नाही कधी! कबर कुठं आहे तेही माहीत नाही. लातूरला, म्हणतात. लातूरला कुठं?



११ डिसेंबर, गुरुवार

कलीमचा फोन. चार दिवसांनी आवाज ऐकला. आधी नेहमीसारखी चेष्टा — "मॅडम, आमचा अर्ज पेंडिंग आहे म्हणे?" हसायला आलं आणि लगेच रडायला.

त्याच्या अम्मीनं त्याला सगळं सांगितलंय. त्याच्या जन्मानंतर ती सोलापूरच्या दवाखान्यात होती, चाळीस दिवस. अंगात विष पसरलं होतं, वाचेल असं कुणाला वाटत नव्हतं. तेवढे दिवस कलीम जळकोटलाच त्याच्या दादीजवळ. काय पीत होता? "बकरीचं दूध," असं दादी सांगायची. ती दादी जाऊन दहा वर्षं झाली. आता विचारायचं कुणाला? दाई तर पलटली — "म्या डोळ्यांनी न्हाय बघितलं, कानावर आलं होतं."

गफारचाचा मौलानांकडं जाऊन आले. मौलाना म्हणाले, ऐकीव गोष्टीवर कशाला जाता, ज्या बाईचं नाव घेतात तिला विचारा. गफारचाचा म्हणाले, ती वारली. मग मौलाना म्हणाले, संशय आहे तर पाऊल जपून टाका. म्हणून थांबलंय!

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. कलीम म्हणाला, "खोटं असलं तर मी कुणाच्या बापाचं ऐकणार न्हाय." आणि खरं असलं तर? त्यावर वेल्डिंगचा आवाज सुरू झाला. मुद्दाम केला असणार.

अडीच महिने झाले त्याच्याशी बोलतेय. रोज. केलेलं प्रत्येक गेट फोटो काढून पाठवतो, जसं काही मी पास-नापास करणार. मी पण करते, मार्क देते. मला तो हवा आहे. लिहून टाकलं, आता खोडणार नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

नीट लिहिते.

अब्बा दुकानात गादीत कापूस भरत होते. गिऱ्हाईक नव्हतं. मी शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, "अब्बा, अम्मीची कबर दाखवा. उद्या जाऊ." ते कापूस भरत राहिले. मग खोळीतच हात ठेवून म्हणाले, "कबर न्हाय."

"म्हणजे?"

"जिवंत हाय ती."

मी खाली बसले. कापसातच बसले.

मग जे बाहेर आलं ते असं. अम्मीचं आधी एक लग्न झालं होतं, जळकोटच्या एका टेलरशी. एक मुलगी झाली, आठ दिवसांत गेली. त्या माणसानं अम्मीला पांढऱ्या पायाची म्हणून सोडून दिली. नानांनी, अम्मीच्या वडिलांनी, तिला लातूरला नेलं, दीड-दोन वर्षं घरात ठेवलं, आणि अब्बांना कुंवारी म्हणून दिली. निकाहाच्या वेळी खोटं सांगितलं. मी दोन वर्षांची झाले तेव्हा लातूरच्याच कुणीतरी दादीच्या कानावर घातलं. गावाचं नाव नाही, एवढंच, की हिचं हे दुसरं लग्न आहे, एक मूल मेलंय तिचं. दादीनं त्याच दिवशी तिला काढली. मला ठेवून घेतलं.

"तुम्ही काय केलं अब्बा?"

"काय न्हाय केलं," म्हणाले. "गप बसलो."

अम्मीनं अब्बांना पण जळकोटचं नाव आधी सांगितलं नव्हतं. जाताना दारात सांगितलं तिनं. आणि अब्बांनी ते नाव तेवीस वर्षं पोटात ठेवलं. मग मला जळकोटला द्यायला तयार कसे झाले? "म्हटलं, मोठं गाव हाय. कोण वळखतंय." मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा अब्बांवर ओरडले. यांनी एक लग्न लपवलं आणि त्याच्याबरोबर ते दूध पण लपलं! कुणी तरी एकदा तोंड उघडलं असतं तर मी कलीमचा फोटो पण बघितला नसता.

ती आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीला असते. स्टँडच्या मागं एका खानावळीत भाकऱ्या करते. अब्बांना कसं माहीत? "गाद्या घेऊन गेलतो एकदा. लांबून बघितली."

लांबून!

१४ डिसेंबर, रविवार

दादीशी बोलत नाही. ती पण बोलत नाही. दुपारी माझ्या ताटात स्वतःहून वांग्याचं वाढलं, मी बाजूला सरकवलं. तेव्हा म्हणाली, "फसवून दिली पोरगी त्यांनी. म्या काय करायला पाहिजे होतं?" मी म्हटलं, "मला मेली म्हणून सांगायला नको होतं." दादी उठून गेली. तिचे डोळे लाल होते. असू देत. मला दया आली नाही. थोडी आली.

१६ डिसेंबर, मंगळवार

उद्या वाशी. श्रावस्ती येतेय, केंद्र बंद ठेवून. घरी सांगितलं, ट्रेनिंग आहे.

काय विचारायचं आधी? तू मला का सोडलंस? की कलीमला पाजलंस का? लाज वाटते, पण दुसराच प्रश्न आधी येतोय तोंडात. कसली मुलगी मी!

१७ डिसेंबर, बुधवार

भेटले.

धाराशिवहून वाशीची गाडी खच्चून भरलेली. तेरखेड्यापर्यंत उभ्यानं. श्रावस्ती सारखी मला बोलतं ठेवत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. दोनदा म्हटलं, परत जाऊ. ती म्हणाली, "तिकीट काढलंय मी. गप चल."

खानावळीच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड. तीन चुली. तीन बाया. कोणती ते विचारावं लागलं नाही. नाक, कपाळ, उभं राहायची पद्धत — मीच, पण वीस-बावीस वर्षं पुढची. हाताला पीठ. तिनं माझ्याकडं बघितलं आणि परातीत हात तसेच ठेवून म्हणाली, "युसरा?"

मला वाटलं होतं मी रडेन, ओरडेन. मी नुसतं "हो" म्हटलं. ती पण रडली नाही. चुलीवरची भाकरी उतरवली, हात धुतले, मग जवळ आली आणि माझे हात, खांदे, दंड असं चाचपून बघत राहिली, जशा बायका कापड बघतात. "जेवलीस का?" हे पहिलं वाक्य. जेवलीस का!

आम्हाला दोघींना वाढलं. मी चार घास खाल्ले आणि विचारलं. कलीम कोण, कुठला, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. जळकोट म्हटल्यावर मान खाली. कलीमच्या दादीचं नाव घेतल्यावर एकदम वर बघितलं. आधी मला विचारलं, "चांगला हाय का पोरगा?"

मी म्हटलं, "लई चांगला."

"तुझं मन हाय?"

मी मान हलवली. श्रावस्ती दुसरीकडं बघायला लागली.

मग अम्मी म्हणाली, "न्हाय पाजलं. एक थेंब न्हाय. बकरीचंच पीत होता तो. दाईला म्हातारचळ लागलाय."

आज भेटलेल्या बाईला मी अम्मी लिहिलं. आत्ता लक्षात आलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

अब्बांना रात्री वाशीचं सांगितलं, आणि गफारचाचांना त्यांनी सकाळी स्वतः फोन केला. अब्बांनी! सगळं सांगितलं, बाई जिवंत आहे, तिचं आधीचं लग्न, सगळं. मला वाटलं आता तर मोडलंच. पण गफारचाचा आजच वाशीला जाऊन आले, मौलानांना घेऊन. अम्मीनं त्यांनाही तेच सांगितलं. "जिच्यावर आळ, तीच न्हाय म्हणती, मग विषय संपला," असं चाचा म्हणाले.

पंचवीस जानेवारी! कायम! कलीमनं एका गेटचा फोटो पाठवला, वर वेलबुट्टी. "हे आपल्या दाराला." मी दहापैकी अकरा दिले.

२१ डिसेंबर, रविवार

पत्रिका आल्या. माझ्या नावाखाली अब्बांचं नाव, आणि मी भांडून घेतलं म्हणून अम्मीचं पण. दादीनं पत्रिका हातात घेतली, शेजारच्या पोराकडून वाचून घेतली, आणि जपून पेटीत ठेवली. कौतुकच म्हणायचं.

धाकधूक मात्र जात नाही. आता कशाला? सगळं झालंय की नीट! श्रावस्ती म्हणते, तुला सुख दिसलं की तू आधी त्याच्या खिशात हात घालून बघतेस.

२८ डिसेंबर, रविवार

एकटीच गेले वाशीला. पत्रिका द्यायला. जायला नको होतं. नाही, जायलाच पाहिजे होतं. कळत नाही.

आज तिच्या खोलीवर. एक ट्रंक, एक कॉट, दोन भांडी. पत्रिका हातात घेऊन तिनं माझ्या नावावरून बोट फिरवलं, मग कलीमच्या. मी म्हटलं, लग्नाला यायचं. "सकिनाबीच्या दारात म्या परत न्हाय यायची. आणि जळकोटवाले मला कोण म्हणून बसवतील?" ती पीठ मळायला बसली, मी बाजूला. किती बरं वाटत होतं! मी बडबडत सुटले. कलीम असा, कलीम तसा. डाव्या कानानं त्याला कमी ऐकू येतं, मोबाईल कायम उजवीकडं, मी डावीकडून काही बोलले की नुसता हसतो, म्हणजे ऐकलंच नाही.

अम्मी पण हसली. आणि हसता हसताच म्हणाली, "कान वाहायचाच त्याचा. आणि त्याची दादी मला बोल लावायची, आडवी पडून पाजतीस, दूध कानात जातं पोराच्या. खोटं! बसूनच पाजायचे म्या, मांडी भरून यायची, पण आडवं कधी—"

थांबली.

मी पण.

तिनं पिठाचा गोळा उगीच परत मळला. मग हळू म्हणाली, "माझी पोरगी आठ दिवसांची गेली. छाती दगड झालती. ताप. आणि भिंतीपलीकडं ते रडायचं, रातदिवस. त्याच्या दादीनं आणून मांडीवर ठेवला. म्हणाली, कुणाला सांगू नको, मूल मेलेल्या बाईचं दूध पाजलं म्हणून लोक नावं ठेवतील. चाळीस दिवस पाजला. त्याच्यावर जगले म्या."

"मग न्हाय का म्हणालीस?" मी विचारलं. "मौलानांसमोर पण?"

"तुला दोन वर्षांची सोडून आले. काय दिलं म्या तुला? एवढं एक खोटं देता येत होतं. दिलं." मग माझा हात धरला, पिठाच्या हातानंच. "तू काय ऐकलं न्हाईस. पाप माझ्या डोक्यावर. तू सुखानं नांद."

परतीच्या गाडीत बाजूच्या बाईनं विचारलं, "कुणी गेलं का बाई?"

२९ डिसेंबर, सोमवार

कुणालाच माहीत नाही. अम्मी सांगणार नाही. दाई पलटलीय. मी पण नाही सांगितलं तर?

अल्लाला माहीत. आणि मला.

३० डिसेंबर, मंगळवार

कलीम विचारतो, आवाज असा का? सर्दी, म्हटलं.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

दादी शरारा घेऊन आली, हिरवा. स्वतः धाराशिवला जाऊन. गुडघे धरून बसली नंतर तासभर. म्हणाली, "वाशीवरनं तिला पण बोलवून घे. म्या आतल्या खोलीत बसीन." कधी सुचावं हे दादीला! मी न्हाणीत जाऊन रडले, नळ सोडून.

आई परत मिळायची असेल तर तिचं खोटं गिळायचं. खरं बोलायचं तर कलीम जाणार, आणि मौलानांसमोर खोटं बोललेली बाई म्हणून आई पण पुन्हा जाणार. परत एकदा हाकलतील तिला, यावेळी माझ्यामुळं. काय करू? काय करू? काय करू?

३ जानेवारी, शनिवार

त्यानं फोटो पाठवला. गेट बसवलं दाराला. शेजारी तो उभा, हसतोय.

मी फोटो मोठा करून बघितला. माझ्यासारखं काही दिसतंय का ते. या अल्ला, मी काय शोधतेय? आम्ही रक्ताचे नाही, दिसणार कसं! पण त्याच्याकडं आता पहिल्यासारखं बघता येत नाही. संपलं ते. वाशीतच संपलं.

४ जानेवारी, रविवार

सांगितलं. दुपारी, घरामागं उभी राहून. दोनदा सांगावं लागलं, म्हणाला, गडबडीत फोन डाव्या कानाला लावला होता. अम्मी का खोटं बोलली तेही सांगितलं. म्हटलं, राग माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

त्यानं फोन ठेवला. परत लावला तर बंद.

अब्बांना सांगितलं. अंगठी काढून दादीच्या हातात दिली. बोट सुजलं होतं, साबण लावून काढली.

५ जानेवारी, सोमवार

बंद.

गफारचाचांचा पण फोन नाही. वाशीला जाऊन अम्मीला काही बोलले असतील तर? खानावळीत, सगळ्यांसमोर? श्रावस्ती म्हणाली उद्या जाऊ. माझ्यात ताकद नाही.

७ जानेवारी, बुधवार

दुपारी अनोळखी नंबर. अम्मी! कुणाच्या तरी फोनवरून, धापा टाकत. "युसरा, कलीम आलाय गं. जीप घेऊन. माझी ट्रंक टाकली पण मागं. मालक विचारतोय तू कोण, तर म्हणतो, लेक हाय, आईला घरी न्यायला आलोय. म्या काय करू? जाऊ का?"

मी म्हटलं, जा.

मग फोन त्यानं घेतला. "युसरा," म्हणाला, आणि पुढं त्याला येईना.

मीच म्हटलं. "भाई, गाडी सावकाश चालव."